मधला फलाट

ज्या माणसाने अर्धे आयुष्य एक खुर्ची नेमक्या जागी ठेवण्यात घालवले, त्याच्याच घरी त्याच खुर्चीवर बसले असता गाणे वाकडे का ऐकू येते, हा प्रश्न मला गेल्या हिवाळ्यात पडला. हे लेखन त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आहे. उत्तर देण्यापूर्वी माणसाची ओळख करून देणे भाग आहे, कारण माणूस वगळला तर उत्तर कोणाला पटणार नाही.

केवळरामभाऊ रामटेके हे चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल या गावातले माझे शेजारी. आमच्या दोन्ही घरांच्या मध्ये एक सामाईक भिंत आहे. त्यांच्या घरी पाहुणा आला की ते त्याच्या चेहऱ्याआधी त्याचे कान पाहतात. कान जमिनीपासून किती उंचावर आहेत आणि बसल्यावर ते पुढच्या खोलीतल्या गाण्याच्या स्पीकरच्या वरच्या लहान तोंडाच्या रेषेत येतील की नाही, याचा अंदाज ते दारातच घेतात. मग उंच माणसाला सतरंजी मिळते, बुटक्या माणसाला उशी मिळते आणि चहा त्यानंतर मिळतो. माझे एक मावसभाऊ प्रथमच त्यांच्याकडे आले तेव्हा नमस्कारासाठी जोडलेले त्यांचे हात तसेच राहिले, कारण केवळरामभाऊ गंभीरपणे म्हणाले, "पाव्हणे, तुमी थोडे खाली सरका. तुमचे कान लय वरतं हायेत."

त्यांची नोकरी बसस्थानकावर गेली. वाहतूक नियंत्रक म्हणून चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या अनेक स्थानकांवर ते खिडकीआड बसले आणि त्यांनी भोंग्यातून गाड्या पुकारल्या. त्यामुळे त्यांच्याकडे दोन भाषा आहेत. घरातली भाषा आपली झाडीची, म्हणजे या जंगल आणि धानाच्या मुलखातली. घोषणेची भाषा मात्र अशी शुद्ध, की ऐकणाऱ्याने शाळेतल्यासारखे सरळ उभे राहावे. "गोंडपिपरीकडे जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागलेली आहे" हे वाक्य ते आजही ज्या गांभीर्याने म्हणतात, त्या गांभीर्याने मी कधी वर्गात न्यूटनचा नियम सांगितलेला नाही. आपल्या सेवेचा त्यांना एकच अभिमान आहे आणि तो ते आठवड्यातून एकदा तरी बोलून दाखवतात.

"सर, गाडी लेट झाली असन, रद्द झाली असन. पण आपण कवा चुकीचा फलाट नाई सांगतला."

निवृत्तीनंतर स्थानक सुटले, पण फलाट सुटले नाहीत. डावा स्पीकर त्यांच्या लेखी फलाट एक आणि उजवा फलाट दोन. या दोहोंच्या मधली रिकामी जागा म्हणजे मधला फलाट. वाचकांपैकी ज्यांनी कधी लक्ष दिले नसेल त्यांच्यासाठी थोडे स्पष्टीकरण देतो. स्टिरिओमध्ये स्पीकर दोनच असतात. परंतु ऐकणारा माणूस दोघांपासून सारख्या अंतरावर बसला, तर गाणाऱ्याचा आवाज डावीकडून येत नाही आणि उजवीकडूनही येत नाही. तो मधोमध, जिथे काहीही ठेवलेले नाही, तिथून येतो. तबला थोडा एका बाजूला, पेटी थोडी दुसऱ्या बाजूला आणि गाणारी बाई मध्ये उभी, असे चित्र कानांपुढे उभे राहते. ऐकणारा वीतभर जरी बाजूला सरकला, तरी जवळच्या स्पीकरचा आवाज आधी पोहोचतो आणि बाई त्या दिशेला चालू लागते. याचा अर्थ असा की त्या खोलीत खरी जागा एकच असते.

ती जागा केवळरामभाऊंनी सुतळीने शोधली होती. दोन्ही स्पीकरच्या पायांना सुतळीची टोके बांधायची, दोन्ही सुतळ्या सारख्या ताणायच्या आणि जिथे त्या भेटतील तिथे खुर्ची ठेवायची. खुर्चीच्या पायांभोवती आणि स्पीकरच्या बुडाभोवती त्यांनी पांढऱ्या रंगाने रेघा मारून ठेवल्या होत्या. खुर्ची वेताची, हात नसलेली. हातांमुळे आवाज अडतो म्हणून तिचे हात त्यांनी करवतीने कापले होते. गाणे सुरू झाले की ते डोळे मिटत आणि थोड्या वेळाने हलक्या आवाजात जाहीर करत, "लागली. मधल्या फलाटावर लागली."

कोणी शेजारी बसायला गेले की ते सांगत, "मधला फलाट एकच हाय. एका टायमाले एकच गाडी."

त्यांच्या पत्नी शेवंताबाई यांचे या शास्त्राशी वैर होते, आणि वैराचे कारण तांदूळ होता. खोलीच्या कोपऱ्यांत खर्जाचा आवाज साठतो आणि घुमतो. तो शोषून घेण्यासाठी कोपऱ्यांत काहीतरी जाड आणि मऊ हवे. केवळरामभाऊंनी घरच्या तांदळाची पोती दोन्ही कोपऱ्यांत छातीइतकी रचली होती. नवा तांदूळ आला की आवाज अगदी स्वच्छ होई. पुढे जसजसा तांदूळ शिजत जाई, तसतसा घुमारा वाढत जाई. पावसाळा संपता संपता तर त्यांच्या घरातला ढोलक विहिरीत पडल्यासारखा वाजे. शेवंताबाई पोत्यात माप घालायला आल्या की केवळरामभाऊ खुर्चीवरून मान वळवून म्हणत, "डाव्या कोपऱ्यातलं नको काढू वो, तिकडचा खर्ज आत्ताच बसला हाय." त्यावर बाईंचे उत्तर मी भिंतीपलीकडून ऐकले आहे. "मंग आज खर्जच खा."

आता सराउंडविषयी. गाण्यासाठी दोन स्पीकर पुरतात. सिनेमासाठी मात्र पाच लागतात आणि शिवाय धडधडीसाठी एक मोठा डबा. समोर दोन, टीव्हीखाली एक, मागे दोन. बोलणारा समोरून बोलतो, गाडी डावीकडून येऊन उजवीकडे जाते, पाऊस डोक्यामागेही पडतो. त्यांच्या मुलीने नागपूरहून असा संच आणून देण्याची तयारी अनेकदा दाखवली होती. केवळरामभाऊंनी प्रत्येक वेळी नकार दिला आणि नकाराचे कारणही दिले. "गाणं समोरून येते. मागून येते ते मच्छर." पाच स्पीकरच्या खोलीला ते यात्रा म्हणत.

म्हणूनच त्यांनी एके दिवशी अंगणातल्या सामाईक भिंतीवरून डोके काढून "सर, सराउंड बसवून राह्यलो, सुतळी धराले या" असे सांगितले, तेव्हा मी कारण विचारले. ते म्हणाले, "शेवंता."

शेवंताबाईंना काचबिंदू झाला होता. तो कळायला उशीर झाला. जे गेले ते परत येणार नाही, उरलेले जपा, असे डॉक्टरांनी सांगितले. उरलेले म्हणजे समोरची एक अरुंद फट. तिच्यातून उजेड आणि हालचाल तेवढी कळे. स्वयंपाक त्या हाताच्या सवयीने करत आणि आमच्या अंगणातून जाताना तुळशीच्या कुंडीला न धडकता जात. पण त्यांचे एक मोठे सुख गेले होते आणि ते नाटकाचे होते.

आमच्याकडे धान घरात आले की गावोगावी नाटके सुरू होतात. बैलांच्या शर्यतीचा शंकरपट असो, दिवाळीनंतर भरणारी जत्रेसारखी मंडई असो, त्या दिवशी नाटक असतेच. मंडप उभा राहतो, प्रेक्षक धानाच्या तणसावर सतरंज्या टाकून बसतात आणि झाडीची बाई-माणसे पहाट होईपर्यंत उठत नाहीत. शेवंताबाई या बाबतीत साऱ्या आळीच्या परीक्षक होत्या. खलनायक उजव्या विंगेतून आला तर तो शेवटी सुधारतो आणि डाव्या विंगेतून आला तर मरतो, असा त्यांचा सिद्धान्त होता, आणि मी अनेक हिवाळे पडताळा घेऊनही तो मला खोटा ठरवता आला नाही. डोळे अधू झाल्यावर त्या एकदाच नाटकाला गेल्या. पहिल्या अंकातच उठून आल्या.

कारण त्यांनी मला अंगणात सांगितले. "सर, दिसत नाई तं नाई. मले वाटलं, आयकीन. पण तिथी समदे एकाच भोंग्यातून बोलतेत. राजा बी तिथूनच, चोर बी तिथूनच. कोण कुठी उभा हाय, कोण कोणाकडे पाहून बोलून राह्यला, काईच समजत नाई. नुसता कल्ला."

हे ऐकताना केवळरामभाऊ दारात उभे होते. ज्याने आयुष्यभर भोंग्यातून गाड्या पुकारल्या त्याला हे वाक्य कुठे लागले असेल, हे मी सांगू शकत नाही. मात्र त्या दिवसापासून शेवंताबाई संध्याकाळी मागच्या पडवीत बसू लागल्या आणि केवळरामभाऊ पुढच्या खोलीत, आपल्या खुर्चीवर. लग्नानंतर एवढी वर्षे तांदळावरून होत आलेले भांडणही बंद झाले. भिंतीपलीकडून मला गाणे ऐकू येई, पण त्यात पूर्वीसारखे कोणी बोलत नसे. केवळरामभाऊंना हवे होते ते इतकेच की तिने पडवीतून उठून पुढच्या खोलीत येऊन बसावे.

अडचण अशी होती की खोली एकच आणि समोरचे दोन स्पीकर दोन्ही कामांसाठी तेच. सिनेमाला ते पाचांतले दोन, आणि गाण्याला तेच दोन. मी त्यांना सुचवले की गाण्याच्या वेळीही पाचही वाजवावेत; यंत्रात तशी सोय असते. त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मी चिमूरची गाडी राजुऱ्याला पाठवायला सांगितली. गाण्याच्या वेळी बाकीचे तीन स्पीकर बंद तर राहणारच, शिवाय त्यांच्यावर टॉवेल टाकले जाणार, असे त्यांनी ठरवले. बंद स्पीकरचा पडदादेखील दुसऱ्याच्या आवाजाने थरथरतो आणि गाण्यात भेसळ करतो, हे त्यांचे म्हणणे तत्त्वतः बरोबर आहे. कानाला ते कळते की नाही याबद्दल मला शंका आहे. त्यांनी मात्र नियम म्हणून सांगितले, "ड्यूटी नसलेल्या ड्रायव्हरनं फलाटावर उभं राहू नये. त्यानं जाऊन झोपावं." धडधडीच्या डब्याला त्यांनी डेपो असे नाव दिले.

संच आला. यंत्राबरोबर एक लहानसा मायक्रोफोन येतो. ऐकणारा जिथे बसणार तिथे तो ठेवायचा. मग यंत्र एकेका स्पीकरमधून सूं सूं असा आवाज सोडते, कोणता स्पीकर किती दूर आहे ते मोजते आणि जवळच्याला थोडे थांबवून दूरच्याची वाट पाहायला लावते, म्हणजे सगळे आवाज एकदम पोहोचतात. या मोजणीच्या वेळी पूर्ण शांतता लागते. मूलमध्ये धानाच्या हंगामात शांतता मागणे म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. राइस मिलची घरघर चालू, रस्त्यावरून पोत्यांचे ट्रॅक्टर जाताहेत, आणि मध्येच कोणाचा तरी कोंबडा. केवळरामभाऊंनी मिल बंद होण्याची वेळ धरली आणि मला गल्लीच्या तोंडाशी उभे केले. मी येणाऱ्या-जाणाऱ्यांना ओठांवर बोट ठेवून थांबवत होतो. दहावीला मी शिकवलेले एक गृहस्थ दुचाकीवरून उतरून, गाडी ढकलत, चपला हातात घेऊन माझ्यासमोरून गेले. आत काय चालले आहे ते मला दिसत नव्हते. मायक्रोफोन कुठे ठेवला हे मी पाहिले नाही, आणि तो खुर्चीवरच ठेवला असणार असे मी गृहीत धरले. गृहीत धरलेली गोष्ट तपासावी, असे मी मुलांना नेहमी सांगत असे.

पहिल्या आठवड्यातच वाघाचा प्रकार घडला.

आमच्या तालुक्यात वाघ हा हसण्याचा विषय नाही. सरपणाला आणि मोहाची फुले वेचायला गेलेली माणसे परत न आल्याची घरे इथे आहेत. त्यामुळे दिवेलागणीच्या सुमारास नाल्याच्या बाजूने डरकाळी ऐकू आली, तेव्हा सगळी आळी काठ्या, टॉर्च आणि पत्र्याचे डबे घेऊन बाहेर पडली. कोणीतरी वनरक्षकाला फोन केला. गुरे आत ओढली गेली. मीही डबा वाजवत होतो. दुसरी डरकाळी आली आणि सगळ्यांचे टॉर्च एकाच ठिकाणी वळले, केवळरामभाऊंच्या मागच्या खिडकीबाहेरच्या मोहाच्या झाडाकडे.

मागच्या उजव्या स्पीकरची जागा त्याच खिडकीत होती. आत जंगलाचा एक चित्रपट चालू होता.

केवळरामभाऊ बाहेर आले. लोकांचे चेहरे पाहून त्यांना सगळे समजले असावे. पण आधी त्यांनी एकेकाला विचारायला सुरुवात केली की डरकाळी नेमकी कोणत्या बाजूने आली. सगळ्यांनी मोहाच्याच झाडाकडे बोट दाखवले. ते पाहून त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान आले, ते त्या प्रसंगी शोभणारे नव्हते. "म्हंजे डायरेक्शन बरोबर हाय," ते माझ्या कानाशी म्हणाले. तेवढ्यात वनरक्षक पोहोचला आणि त्याने हातातली काठी आपटून विचारले की हा काय तमाशा आहे. केवळरामभाऊ ताठ उभे राहिले आणि घोषणेच्या भाषेत बोलले. "सर्व ग्रामस्थांना झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." इतक्या शुद्ध मराठीत मागितलेल्या माफीवर रागावणे वनरक्षकाला जमेना. तो चहा घेऊन गेला, आणि त्याआधी त्याचे कान किती उंच आहेत हे पाहिले गेले.

शेवंताबाई या सगळ्या वेळात आतच होत्या. बायकांनी त्यांना विचारले की तुम्हाला भीती नाही वाटली का. त्या म्हणाल्या, "मले तं समजलं होतं, पेटीतला हाय. खरा वाघ असा सांगून येत नाई."

वाघापेक्षा मला महत्त्वाची वाटली ती दुसरी गोष्ट. शेवंताबाई आत होत्या, म्हणजे पुढच्या खोलीत होत्या. खिडकीतला स्पीकर दुसऱ्या दिवशी आतल्या बाजूला वळवला गेला आणि नंतरच्या संध्याकाळी मला भिंतीपलीकडून पुन्हा दोन माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागले. सिनेमा चालू असताना बाई मोठ्याने माहिती देत. तो आता दारातून आला. ती त्याच्याकडे पाठ करून उभी आहे. जिन्यावर कोणीतरी आहे, तिला सांगा कोणीतरी. एकदा खलनायक त्यांच्या मागून, डाव्या बाजूने चालत पुढे आला, तेव्हा त्यांनी डावी विंग, हा मरते, असे भाकीत केले. तो मेला. राजा आणि चोर आता वेगवेगळ्या जागांवरून बोलत होते. केवळरामभाऊंचे भाष्यही मध्येच ऐकू येई. "डेपोतून निघाली," ते म्हणत, आणि आमच्या कपाटातली भांडी हलत.

आता मूळ प्रश्नाकडे येतो.

पौर्णिमेच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो. तथागतांच्या चित्रापुढे मेणबत्ती लावून झाली होती आणि केवळरामभाऊ खीर आणायला आत गेले होते. जाताना ते मला म्हणाले की सर, तुम्ही बसा खुर्चीवर, गाणे लावून जातो. हा मान मला आजवर मिळाला नव्हता. तिन्ही स्पीकरवर टॉवेल टाकलेले होते. शेवंताबाई त्यांच्या नेहमीच्या जागी, स्वयंपाकघराच्या दाराजवळ उजव्या भिंतीला लागून असलेल्या लाकडी बाजेवर, तांदूळ निवडत बसल्या होत्या. निवडणे बोटांनी चालले होते. एका जुन्या गायिकेचे गाणे सुरू झाले. मी डोळे मिटले.

बाई मधल्या फलाटावर नव्हती. ती डावीकडे, जवळजवळ फलाट एकवर उभी होती.

मला प्रथम वाटले की माझा उजवा कान गेला. मान फिरवून पाहिली; दोष कानाचा नव्हता. मग खाली पाहिले. खुर्चीचे पाय पांढऱ्या रेघांत अगदी बरोबर होते. स्पीकर मात्र नव्हते. डावा स्पीकर आपल्या रेघेतून हातभर पुढे आला होता आणि उजवा तेवढाच मागे, पोत्यांच्या कुशीत गेला होता. दोघांची तोंडेही वळली होती. रिकाम्या पांढऱ्या चौकटींत तांदळाचा कोंडा साचला होता, म्हणजे ही हलवाहलव कालची नव्हती. माणसाचे वय झाले, हिशोब चुकला, असे मी मनाशी म्हटले, आणि चूक त्यांच्या लक्षात आणून देण्याआधी ती मोजून घ्यावी म्हणून खिळ्याला टांगलेली सुतळी काढली.

दोन्ही स्पीकरच्या पायांना टोके बांधली. दोन्ही सुतळ्या सारख्या ताणल्या आणि त्या जिकडे नेतील तिकडे गेलो. खुर्ची डावीकडे राहिली. सुतळ्या मला उजव्या भिंतीकडे घेऊन गेल्या आणि जिथे भेटल्या, तिथे शेवंताबाईंची बाज होती. बाजेवरही मधोमध नव्हे. त्या बसतात त्या टोकाला.

"सर काय?" त्यांनी हात पुढे करून विचारले. त्यांच्या बोटांना सुतळी लागली. "काऊन, घर मोजून राह्यले काय?"

मी काहीतरी बोललो आणि सुतळी गुंडाळली. केवळरामभाऊ खिरीच्या वाट्या घेऊन दारात उभे होते. त्यांनी सगळे पाहिले होते. मी त्यांच्याजवळ गेलो आणि दबक्या आवाजात विचारले की सिनेमासाठी यंत्र अंतर सांभाळते, मायक्रोफोन खुर्चीऐवजी बाजेवर ठेवला असता तरी पुरे होते, मग गाण्याचे स्पीकर का हलवले.

त्यांनी मला दारामागे घेतले. "पिच्चरसाठी मशीन हायच. पण मंग एका दिवशी म्या गाणं लावलं. शेवंता बाजेवर बसून होती. म्हने, अवो, हे बाई भिंतीत गेली काय? इतके वर्सं मी त्या बाईले मधात पाहून राह्यलो सर. अन् ते माह्या घरात राहून भिंतीतलीच बाई आयकत होती. मले कवा सुचलंच नाई."

मी म्हणालो की मग निदान खुर्ची तरी बाजेजवळ घ्या.

"तिथी दुसरी मावत नाई. मधला फलाट एकच असते." मग ते माझ्या हाताला धरून म्हणाले, "तिले नका सांगू."

आम्ही खोलीत आलो. केवळरामभाऊ आपल्या खुर्चीवर बसले, जुन्या सवयीने खुर्चीच्या कापलेल्या हातांच्या जागी कोपर टेकवू पाहून, मग हात मांडीवर ठेवून. खीर बाजूला राहिली. गाण्याचे पुढचे कडवे सुरू झाले. शेवंताबाईंनी तांदळाचे सूप खाली ठेवले आणि समोरच्या रिकाम्या जागेकडे मान केली.

"किती मस्त उभी हाय," त्या म्हणाल्या. "मधातच. अशी हात लावावा इतकी." थोड्या वेळाने त्यांनी विचारले, "तुमच्या तिकडं कुठी हाय?"

खुर्चीवरून ती डावीकडे होती. मी तिथे बसून ऐकले होते आणि सुतळीने मोजलेही होते.

"इकडंबी मधातच," केवळरामभाऊ म्हणाले.

"खरं?"

"सारी नोकरी केली. कवा चुकीचा फलाट सांगतला काय?"

शेवंताबाईंची मान स्पीकरांमधल्या जागेवरून हळूच वळली आणि खुर्चीच्या दिशेने स्थिर झाली, आणि गाणे संपेपर्यंत तिकडेच राहिली.

उत्तर एवढेच आहे. ते माझ्या सांगण्यावरून मान्य करू नये. दोन स्पीकर मांडावेत, दोन्हींच्या पायांना सुतळी बांधून ती सारखी ताणावी आणि जिथे टोके भेटतील तिथे घरातल्या एका माणसाला बसवावे. मग स्वतः दुसऱ्या कोणत्याही जागी बसून गाणे ऐकावे, आणि गाणारी बाई कुठे उभी आहे असे त्या माणसाने विचारले, तर आपल्या तोंडून काय उत्तर येते, ते वाचकांनी कृपया स्वतः तपासून पाहावे.